हरीण, पान, पंडा: सोन्याच्या नाण्यांवरची राष्ट्रे

बुलियन नाणे हे बाजारहाटासाठी पाडलेले नसते. सरकारी टांकसाळ ठरलेल्या वजनाचे आणि ठरलेल्या कसाचे सोने घेऊन त्यावर ठसा उमटवते, कायदा त्याला चलनाचा दर्जा देतो, पण त्याची किंमत ठरते ती त्या दिवशीच्या सोन्याच्या भावावर. अमेरिकेच्या एक औंसाच्या सुवर्ण ईगलवर ५० डॉलर असे कोरलेले असते, कॅनडाच्या मेपल लीफवर ५० कॅनेडियन डॉलर आणि ब्रिटनच्या ब्रिटानियावर १०० पौंड. या किमतीत ते कोणी देऊ केले, तर दुकानदार हात जोडून घेईल आणि देणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी शंका घरच्यांना येईल.

तरीही हा आकडा निरुपयोगी नाही. चलनाचा दर्जा मिळाला की खोटे नाणे पाडणे हा गुन्हा ठरतो आणि करआकारणीचे नियमही बदलतात. ब्रिटनमध्ये ब्रिटानिया आणि सॉव्हरिन ही देशाची चलनी नाणी असल्यामुळे त्यांच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभकर लागत नाही. युरोपीय संघात १८०० नंतर पाडलेले, हजारात किमान ९०० भाग शुद्ध सोने असलेले, मूळ देशात चलन असलेले किंवा कधीकाळी असलेले आणि आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक महाग विकले न जाणारे सोन्याचे नाणे मूल्यवर्धित करातून सुटते. या व्यवहाराचे माप ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम, जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने पावणेतीन तोळ्यांना थोडे कमी.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने जोहान्सबर्गचे सोने आणि ओटावाचे सोने एकच. मुशीत टाकले की दोन्हींत काही फरक उरत नाही. फरक असतो तो ठशात, आणि म्हणूनच या धंद्यात ठशाला इतके महत्त्व आहे. बुलियन नाणे मुख्यतः परक्या देशातल्या अनोळखी ग्राहकाला विकायचे असते. त्याने ते तराजू आणि कसोटी न लावता हातात घ्यावे, एवढा विश्वास चित्राने मिळवून द्यावा लागतो. त्यामुळे या नाण्यांवरची राष्ट्रचिन्हे देशभक्तीपोटी जितकी आली, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, प्रतिस्पर्ध्याची उणीव हेरून आली. त्यांचा इतिहास क्रमाने पाहिला की हे उघड दिसते.

ओळखीचा ठसा बदलू नये, ही व्यापाऱ्यांची शहाणीव फार जुनी. व्हेनिसचा सोन्याचा डुकाट १२८४ मध्ये सुरू झाला आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात चालला. वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळपास शंभर नंबरी. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकून त्याच्या हातून ध्वज घेणारा व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज. दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत, ताऱ्यांच्या मधोमध उभा ख्रिस्त. मसाल्यांच्या आणि कापडाच्या मोबदल्यात हे नाणे तांबड्या समुद्रावाटे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि मराठी मुलुखात पुतळी म्हणून ओळखले जाऊ लागले. ते खर्चण्यापेक्षा ओवणे लोकांना अधिक पटले. पुतळ्यांची माळ ही त्याचीच कमाई. पुढे देशी कारागिरांनी त्याच्या नकला पाडल्या. त्यांत डोज आणि संत यांच्या आकृत्या अशा काही बदलत गेल्या की मूळ कोण, हे पाहणाऱ्याला कळू नये. आज सराफाकडे मिळणाऱ्या पुतळीमाळेत पातळ चकत्यांवर लक्ष्मी असते.

याच्या अगदी उलट टोकाला रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने पाडलेला शिवराई होन. दक्षिणेतल्या विजयनगरच्या होनांवर शिवपार्वतीसारख्या देवता बसलेल्या असत. शिवाजी महाराजांच्या होनावर ठिपक्यांच्या वर्तुळात केवळ नागरी अक्षरे आहेत: एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. नव्या राजाची घोषणा करायची असेल, तर चित्रापेक्षा नाव महत्त्वाचे. डुकाटला मात्र कसलीच घोषणा करायची नव्हती. त्याला फक्त ओळखू यायचे होते. बुलियन नाण्यांचा वंश डुकाटचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुंतवणुकीची सोन्याची नाणी ही बहुतांशी जुन्याच नाण्यांची पुन्हा काढलेली आवृत्ती असे. ऑस्ट्रियाची टांकसाळ सम्राट फ्रान्झ योसेफच्या मुखवट्याचे डुकाट आणि १०० कोरोनाची नाणी पाडत राही आणि त्यांवर साल असे १९१५. मेक्सिकोचे ‘सेंतेनारिओ’ हे ५० पेसोंचे नाणे १९२१ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीसाठी निघाले, त्यात ३७.५ ग्रॅम शुद्ध सोने; नंतरच्या अनेक वर्षांची नाणी १९४७ हेच साल घेऊन बाहेर पडली. चांदीत तर मारिया थेरेसा थालर हा या प्रकाराचा बादशहा. राणी १७८० मध्ये वारली, तेव्हापासून प्रत्येक नाण्यावर १७८०. अरबस्तान आणि इथिओपियातले लोक दुसरे साल स्वीकारत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली.

मुंबईचा संबंध याहून थेट आहे तो सॉव्हरिनशी, म्हणजे आपल्याकडच्या गिन्नीशी. हे २२ कॅरेटचे, ७.९८८ ग्रॅमचे नाणे १८१७ मध्ये आजच्या रूपात सुरू झाले. त्यावरचा संत जॉर्ज आणि ड्रॅगन हा ठसा बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कोरक्याचा. पहिल्या नाण्यांत जॉर्जच्या हाती भाल्याचा तुटका दांडा होता, १८२१ पासून आखूड तलवार आली. अंगावर शिरस्त्राण आणि झगा सोडला तर फारसे काही नाही. थंडीच्या देशाचा रक्षक म्हणून हा पोशाख विचित्रच, पण तो ग्रीक शिल्पांच्या वळणावर बेतलेला आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भीतीने सोने समुद्रमार्गे लंडनला नेणे धोक्याचे झाले, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत रॉयल मिंटची शाखा उघडून सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडण्यात आले. घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, बारीक ‘आय’ हे अक्षर दिसले की नाणे मुंबईचे. साल एकच, १९१८. पर्थचे ‘पी’, सिडनीचे ‘एस’, प्रिटोरियाचे ‘एसए’ अशी अक्षरे गोळा करणाऱ्या संग्राहकाला मुंबईच्या एका नाण्याशिवाय संच पुरा करता येत नाही.

आधुनिक बुलियन नाण्याची सुरुवात मात्र १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाली. हा देश तेव्हा जगातले सर्वाधिक सोने काढत होता. १९७० मध्ये तिथले उत्पादन सुमारे १,००० टनांवर गेले. सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता आणि खाणमालकांना सामान्य माणसाच्या खिशात शिरायचे होते. त्यांच्या संघटनेने, चेंबर ऑफ माइन्सने, तोडगा काढला: नाण्यात नेमके एक औंस शुद्ध सोने ठेवायचे आणि त्यावर दर्शनी किंमत छापायचीच नाही. म्हणजे भाव पाहिला की नाण्याची किंमत कळली, गुणाकार-भागाकार नको. सोन्यात तांबे मिसळून ते २२ कॅरेटचे केले, कारण शुद्ध सोने हाताळताना ओरखडते. त्यामुळे नाण्याचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम झाले आणि रंग तांबूस आला. नाव ठेवले क्रुगररँड.

यातला क्रुगर म्हणजे पॉल क्रुगर, १८८३ ते १९०० या काळात ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाचा अध्यक्ष. दाढीधारी, शेतकरी वळणाचा, जुन्या करारावर श्रद्धा ठेवणारा माणूस. विटवॉटर्सरँडवर १८८६ मध्ये सोने सापडले तेव्हा परदेशी भांडवलदार आणि खाणकामगार यांचे लोंढे आले. क्रुगरने त्यांना मताधिकार देण्यात टाळाटाळ केली, खाणींना लागणाऱ्या डायनामाइटचा मक्ता देऊन खर्च वाढवला, आणि खाणमालकांशी त्याचे कायमचे वाकडे आले. १८९५ च्या अखेरीस खाणमालक सेसिल ऱ्होड्सच्या पाठबळाने ट्रान्सवालवर झालेली जेमसनची स्वारी हा त्याच भांडणाचा स्फोट. १८९९ चे बोअर युद्ध त्याचा शेवट. क्रुगर १९०४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेत वारला. ज्या खाणमालकांनी त्याला खाली खेचायला हातभार लावला, त्यांच्याच वारसदारांनी साठ-सत्तर वर्षांनी त्याचा चेहरा आपल्या मालावर लावला, याइतका उपरोध नाण्यांच्या इतिहासात क्वचित सापडतो. १९६७ च्या आफ्रिकानेर, म्हणजे बोअरांच्या वंशजांच्या, सत्तेला तो राष्ट्रपुरुष म्हणून हवा होता आणि धंद्याला ओळखीचा चेहरा. दोघांचे जमले.

चेहराही नवा नव्हता. तो ओटो शुल्ट्झ या जर्मन कोरक्याने १८९२ च्या ट्रान्सवाल नाण्यांसाठी केलेला. त्या नाण्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. नाणी बर्लिनच्या टांकसाळीत पाडली गेली. त्यांवर बैलगाडी होती, आणि बोअर लोकांच्या बैलगाडीला मधोमध एकच दांडा असतो. जर्मन कारागिराने जर्मनीतल्या गाडीसारखे दोन दांडे काढले. त्यावर कडी म्हणजे क्रुगरच्या खांद्याखाली कोरक्याची आद्याक्षरे ओ आणि एस अशी जोडून आली, आणि बोअरांच्या भाषेत ‘ओस’ म्हणजे बैल. अध्यक्षाला नाण्यावर बैल म्हटले, अशी बोंब उठली. ठसे दुरुस्त करावे लागले. आज दोन दांड्यांची ती नाणी संग्राहक हौसेने शोधतात.

क्रुगररँडच्या मागल्या बाजूला स्प्रिंगबॉक हे उड्या मारणारे हरीण आहे. ते कूर्ट स्टाइनबर्ग या शिल्पकाराचे, १९४७ च्या पाच शिलिंगांच्या नाण्यावरून घेतलेले. पुढे जगाच्या टांकसाळींनी जो धडा गिरवला तो या हरणातच होता: माणसाचा चेहरा वाद निर्माण करतो, जनावर करत नाही. पण धंदा जोरात चालू असताना याकडे कोणी लक्ष दिले नाही. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नागरिकांवरची, १९३३ पासूनची, सोने बाळगण्याची बंदी उठली. भाव जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढला. १९७८ या एका वर्षात ६० लाखांहून अधिक क्रुगररँड निघाले. सोन्याच्या नाण्यांच्या जागतिक बाजारातला सिंहाचा वाटा या एका नाण्याकडे गेला.

मग दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली. ऑक्टोबर १९८५ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने अमेरिकेत क्रुगररँडच्या आयातीवर बंदी आली, पुढच्या वर्षी युरोपीय समुदायानेही तसेच केले. सोने तेच, कस तोच. नकोसा झाला तो ठशामागचा देश. ही जागा रिकामी होणार, हे काही देशांनी आधीच ओळखले होते.

पहिला होता कॅनडा. त्याचे मेपल लीफ नाणे १९७९ मध्ये आले. मेपलचे पान १९६५ पासून कॅनडाच्या झेंड्यावर होते आणि त्याच्याविरुद्ध बोलायला कोणाला काही सुचणार नव्हते. वॉल्टर ओट यांनी कोरलेले ते पान शिरांसकट इतके नेमके आहे की दर्शनी बाजूची राणी एलिझाबेथ कोणाच्या लक्षात राहत नसे. कॅनडाने दुसरी खेळी कसावर केली. क्रुगररँड २२ कॅरेटचा, तर मेपल लीफ आधी ९९९ आणि १९८२ च्या अखेरीपासून ९९९.९ शुद्धतेचा. या शुद्धतेला धंद्यात ‘चार नऊ’ म्हणतात. त्याची किंमतही मोजावी लागते: इतके शुद्ध सोने मऊ असते, बोटांच्या नखाने नाही तरी शेजारच्या नाण्याने त्यावर सहज रेघ उमटते. आशियातल्या ग्राहकाला मात्र चोवीस कॅरेटचेच सोने खरे वाटते, आणि हे ओटावाने अचूक हेरले. बनावट नाण्यांवर उपाय म्हणून २०१३ पासून लेसरने कोरलेले सूक्ष्म पान आणि पुढे दोन्ही बाजूंना किरणांसारख्या बारीक रेषा आल्या.

याच टांकसाळीने २००७ मध्ये १०० किलो वजनाचे, ५३ सेंटिमीटर व्यासाचे, ९९.९९९ टक्के शुद्धतेचे मेपल लीफ पाडून दाखवले. दर्शनी किंमत १० लाख कॅनेडियन डॉलर. त्यातले एक बर्लिनच्या बोड संग्रहालयात ठेवले होते. २७ मार्च २०१७ च्या पहाटे चोर रेल्वेमार्गावरून शिडी लावून खिडकीतून आत शिरले, काच फोडली, नाणे ढकलगाडीवर घातले आणि पसार झाले. २०२० मध्ये आरोपींना शिक्षा झाली, त्यांत संग्रहालयाचा एक पहारेकरीही होता. नाणे काही मिळाले नाही. ते तुकडे करून किंवा वितळवून विकले गेले असावे. इतक्या देखण्या ठशाचा चोरांना अडथळाच झाला असणार.

चीनने १९८२ मध्ये पंडा काढला. दर्शनी बाजूला बीजिंगच्या स्वर्गमंदिरातील सुगीच्या प्रार्थनेचे गोल दालन, जिथे मिंग आणि चिंग सम्राट चांगल्या पिकासाठी प्रार्थना करीत. मागे बांबू खाणारा पंडा. साम्यवादी राजवटीच्या सोन्याच्या नाण्यावर ना माओ ना विळाहातोडा, तर सम्राटांचे देवालय आणि एक गोंडस प्राणी. १९७२ मध्ये निक्सन यांच्या भेटीनंतर अमेरिकेला पंडांची जोडी भेट गेली होती आणि या प्राण्याने मिळवलेली माया चीनने पाहिली होती. चिनी टांकसाळीची खरी युक्ती मात्र वेगळी: पंडाचे चित्र दरवर्षी बदलायचे. कधी झाडावर चढलेला, कधी पाणी पिणारा, कधी पिलासह. यामुळे गुंतवणूकदार आणि संग्राहक असे दोन्ही गिऱ्हाईक एकाच नाण्यावर मिळाले. २००१ चा ठसा २००२ मध्ये तसाच ठेवला गेला तेव्हा संग्राहकांनी कुरकुर केली, आणि पुढल्या वर्षापासून पुन्हा नवे चित्र सुरू झाले. २०१६ मध्ये औंस सोडून ३० ग्रॅम, १५ ग्रॅम अशी वजने आली. सहज नजरेत न येणारा हा बदल औंसामागे ग्रॅमभर सोने वाचवून गेला, असे व्यापारी पुटपुटले.

अमेरिकेच्या ईगलचा जन्म तर सरळ बंदीतून झाला. क्रुगररँडवर आदेश निघाला ऑक्टोबर १९८५ मध्ये आणि सोन्याच्या नाण्याचा कायदा मंजूर झाला त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला. सोने देशातल्याच खाणींचे, नव्याने काढलेले हवे, अशी अट कायद्यात घातली गेली. दर्शनी बाजूला ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची स्वातंत्र्यदेवता: मोकळे केस, एका हातात मशाल, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी, पावलांपाशी चिमुकले संसदभवन, मागे सूर्यकिरण. ही आकृती थिओडोर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने १९०७ च्या २० डॉलरच्या नाण्यासाठी घडवली गेली होती. ‘ईश्वरावर आमची श्रद्धा’ हे वचन पैशावर छापणे रूझवेल्टना देवाची विटंबना वाटे, म्हणून मूळ नाण्यावर ते नव्हते. काँग्रेसने १९०८ मध्ये ते परत बसवले. १९८६ च्या ईगलवर ते आहेच. भोवतीच्या चांदण्या १९०७ मध्ये ४६ होत्या, आता ५०, राज्यांच्या संख्येइतक्या. साल सुरुवातीला रोमन अंकांत होते. १९९२ पासून साधे आकडे आले, कारण साल वाचता न आलेले नाणे विकताना दुकानदारालाच समजावून सांगावे लागे.

मागल्या बाजूला घरटे आहे. नर गरुड ऑलिव्हची फांदी घेऊन येतो, मादी आणि पिले वाट पाहतात. हे चित्र डॅलसच्या शिल्पकार मायली बुसिएक यांचे. राष्ट्रचिन्हातला पंख पसरलेला, पंज्यात बाण धरलेला गरुड त्यांनी घरी आणला, आणि नेमका रेगन यांच्या काळातल्या कुटुंबमहिम्याशी तो जुळला. कलेच्या दृष्टीने दर्शनी बाजूशी या घरट्याची बरोबरी होत नाही. भव्य देवतेमागे गृहस्थी थोडी घरगुतीच वाटते. २०२१ मध्ये घरटे जाऊन गरुडाचे करड्या नजरेचे, जवळून पाहिलेले डोके आले. चांदीच्या ईगलवर ॲडॉल्फ वाइनमन यांची १९१६ च्या अर्ध्या डॉलरवरची चालती स्वातंत्र्यदेवता आहे, आणि अनेक जाणकार तिलाच अधिक सुंदर मानतात.

ऑस्ट्रेलियाने आधी चूक करून पाहिली. पर्थ टांकसाळीच्या सुरुवातीच्या नाण्यांवर देशात सापडलेले प्रसिद्ध सोन्याचे गोळे कोरले होते, त्यांत १८६९ मध्ये व्हिक्टोरियात मिळालेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ही होता. इतिहास खरा, पण सोन्याच्या नाण्यावर सोन्याच्या ढेकळाचे चित्र कोणाला भावणार? १९८९ मध्ये कांगारू आला आणि मागणी वाढली.

ब्रिटनची ब्रिटानिया १९८७ ची. फिलिप नेथन यांनी तिला वाऱ्यात उभी केली, हाती त्रिशूळ, ढाल आणि ऑलिव्हची फांदी. ही देवी मुळात ब्रिटनची नव्हेच. जिंकलेल्या प्रांताचे प्रतीक म्हणून रोमनांनी, हेड्रियनच्या काळात, ती आपल्या नाण्यांवर बसवली. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये तांब्याच्या नाण्यांवर तिचे पुनरुज्जीवन केले, १७९७ मध्ये तिच्या हातात त्रिशूळ आले, आणि हरलेल्या बेटाची बाई समुद्राची मालकीण झाली. २०१३ पासून हे नाणेही २२ कॅरेट सोडून चार नऊंवर गेले. २०२१ पासून पार्श्वभूमीवरच्या लाटा नाणे हलवले की सरकताना दिसतात आणि भोवती ‘अलंकार आणि रक्षण’ या अर्थाचा लॅटिन मजकूर सूक्ष्म अक्षरांत आहे. सतराव्या शतकात हाच मजकूर नाण्यांच्या कडेवर असे, कड कातरून सोने चोरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून.

या साऱ्यांत सर्वात निर्मळ चित्र ऑस्ट्रियाचे म्हणावे लागेल. १९८९ च्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकवर थोमास पेझेनडॉर्फर यांनी संगीतगृहाच्या सुवर्णदालनातला भव्य ऑर्गन आणि मागे व्हायोलिन, चेलो, बसून, हार्प, व्हिएन्नाचा खास हॉर्न अशी वाद्ये मांडली. सम्राट गेला, साम्राज्य गेले, उरला वाद्यवृंद. शिलिंग जाऊन २००२ मध्ये युरो आला, तेव्हा दर्शनी किंमत २,००० शिलिंगची १०० युरो झाली; चित्राला कोणी हात लावला नाही.

चिन्ह आणि भूमी यांची फारकतही या बाजारात दिसते. आर्मेनियाच्या चांदीच्या ‘नोहाच्या नौके’वर अरारात पर्वत आहे. हा पर्वत आर्मेनियाच्या राजचिन्हात असला तरी नकाशात तुर्कस्तानात आहे, आणि नाणे पाडले जाते जर्मनीत. प्रशांत महासागरातल्या निऊए या बेटाच्या नावाने डिस्नेच्या व्यक्तिरेखांची नाणी निघतात, ती न्यूझीलंडमधल्या खासगी टांकसाळीत. अशी नाणी हौसेने घ्यावीत, पण राष्ट्रचिन्हांच्या संग्रहात त्यांना जागा नाही.

संग्राहकाचा व्यवहार या पार्श्वभूमीवर समजतो. गुंतवणूकदार धातूच्या भावावरचे अधिमूल्य जितके कमी तितके चांगले मानतो. संग्राहक तेच अधिमूल्य वर्ष, टांकसाळीची खूण, पाडलेल्या नाण्यांची संख्या यांसाठी राजीखुशीने देतो. सालवार मालिका करणाऱ्याला पंडा किंवा चांदीचा ईगल सोयीचा, कमी पैशांत जगभरची चिन्हे हवी असतील तर एक दशांश औंसाची नाणी. चांदीच्या नाण्यांवर, विशेषतः मेपल लीफवर, कालांतराने दुधाळ डाग पडतात. ते घासून काढायला जाणारा उरलेली किंमतही घालवतो. खोट्या नाण्यांत टंगस्टन वापरला जातो, कारण त्याची घनता शुद्ध सोन्याच्या अगदी जवळ आहे. २२ कॅरेटचे मिश्रण त्याहून हलके असते. त्यामुळे क्रुगररँडचे वजन, ३२.७७ मिलिमीटर व्यास आणि २.८४ मिलिमीटर जाडी ही तिन्ही मापे एकाच वेळी जुळवणे नक्कल करणाऱ्याला अवघड जाते.

क्रुगररँडचे पुढे काय झाले? १९९१ मध्ये अमेरिकेने बंदी उठवली. वर्णद्वेषी राजवट संपली, २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नोटांवर नेल्सन मंडेला आले, पण नाण्यावर क्रुगर आहे तो आहेच. २०१७ मध्ये पन्नाशीनिमित्त तो चांदीतही आला. नव्या सत्तेने त्याला मान दिला म्हणून तो राहिला नाही. जगातला दुकानदार त्याला ओळखतो, म्हणून राहिला.

क्रुगररँड जग जिंकत होता त्या काळात भारत या बाजाराच्या बाहेर होता. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाने दागिन्यांना १४ कॅरेटची मर्यादा घातली, १९६८ च्या कायद्याने लगडी-विटांच्या रूपातले सोने बाळगण्यावर निर्बंध आणले, आणि हा कायदा रद्द झाला १९९० मध्ये. त्यानंतर बँका आणि सराफ यांनी लक्ष्मी-गणपतीच्या छापाची सोन्याची नाणी विकायला घेतली. धनत्रयोदशीला किंवा गुरुपुष्याला वेढण्याऐवजी तीही घेतली जातात. पण ती व्यापाऱ्याची पदके आहेत, त्यांमागे सरकार नाही.

सरकारचे नाणे आले ५ नोव्हेंबर २०१५ रोजी. ‘इंडियन गोल्ड कॉइन’ या नावाने ५ आणि १० ग्रॅमची नाणी आणि २० ग्रॅमची लगड, ९९९ शुद्धतेची, भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कची. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी. चक्र झेंड्यावर आहे आणि गांधीजी नोटांवर, त्यामुळे निवड बिनधोक झाली. परदेशी ग्राहकाने दुकानाच्या काचेआड पाहताच थबकावे, असे त्यात काही नाही. वाघ, मोर किंवा सारनाथचे चारही सिंह अधिक कामाचे ठरले असते. वजन औंसाऐवजी ग्रॅममध्ये ठेवले ते घरच्या ग्राहकासाठी योग्यच. कायद्याने चलनाचा दर्जा मात्र त्याला नाही, आणि म्हणून काटेकोर अर्थाने भारताचे बुलियन नाणे अजून पाडले जायचे आहे.